गळणारी टू-टी ऑइलची टाकी : एका दुरुस्तीतून विज्ञानाचा पाठ



आजचा पाठ गॅरेजमधला आहे. विषय साधा आहे: जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची प्लास्टिकची ऑइलची टाकी गळायला लागली तर ती दुरुस्त कशी करायची? पण या एका प्रश्नात दहावीच्या 'कार्बनी संयुगे' या प्रकरणातली बहुवारिके येतात, पृष्ठताण येतो, उष्णता येते आणि बलाचा परिणामही येतो. शिवाय ही दुरुस्ती चुकली तर त्याची किंमत मोठी असते. त्यामुळे 'हे शिकून उपयोग काय?' असं मुलं विचारत नाहीत.

उदाहरण म्हणून आपल्याकडची सगळ्यांच्या ओळखीची गाडी घेऊ, यामाहा आरएक्स १००. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत बनत होती. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक आरएक्स किमान पंचवीस-तीस वर्षांची आहे. कोल्हापूर असो की नाशिक, अनेक घरांत वडिलांची किंवा काकांची अशी गाडी अजून जपून ठेवलेली असते.

ही टाकी करते काय?

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं. त्यामुळे फोर-स्ट्रोक गाडीसारखं तिथे खाली ऑइल भरून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलबरोबरच आत जावं लागतं आणि शेवटी जळून जातं. पूर्वीच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना पंपावरच ऑइल मिसळून घेत असत, ते अनेक पालकांना आठवत असेल.

यामाहाने १९६४ मध्ये 'ऑटोल्यूब' नावाची पद्धत आणली. यात ऑइलची टाकी वेगळी. तिच्यातून एका बारीक पाइपने ऑइल छोट्या पंपाकडे येतं आणि पंप ते मोजून इंजिनाला देतो. अ‍ॅक्सिलरेटर जितका पिळाल, त्या प्रमाणात ऑइल वाढतं. सीटखाली, बाजूच्या कव्हरच्या आड बसवलेली ती प्लास्टिकची टाकी या पद्धतीचा पहिला दुवा आहे.

आता मुलांना विचारा: ही टाकी गळून रिकामी झाली तर काय होईल? गाडी लगेच बंद पडणार नाही. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, त्यामुळे इंजिन चालत राहील. पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात वंगणाचा थर उरणार नाही. घर्षणाने पिस्टन तापेल, फुगेल आणि सिलिंडरमध्ये अडकेल. मेकॅनिक त्याला 'पिस्टन सीज झाला' म्हणतात. हे वेगात घडलं तर मागचं चाक एकदम जाम होऊन चालवणारा पडू शकतो. म्हणून कव्हरखालचा तेलकट डाग 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून सोडण्यासारखा नाही.

पायरी १ : गळती खरंच कुठे आहे?

घाईत सगळे टाकीलाच दोष देतात. पण ऑइल खाली उतरत जातं, चाललेल्या गाडीत वाऱ्याने पसरतं, आणि डाग दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. संशयाच्या जागा एवढ्या:

१. टाकीच्या तोंडाचं झाकण आणि त्याचं रबर.
२. खालच्या नळीवर बसणारा पाइप. जुना पाइप कडक होतो, त्याची क्लिप सैल पडते.
३. टाकीत बसवलेल्या कोणत्याही भागाभोवतीचं रबर.
४. बोल्टची भोकं आणि त्याभोवतीचे कोपरे.
५. टाकी फ्रेमला घासते ती जागा.

पहिल्या तीन ठिकाणी गळत असेल तर टाकीला हात लावायची गरजच नाही. नवीन रबर, नवीन पाइप किंवा नवीन क्लिप पुरते.

नेमकी जागा शोधायला आपल्या वर्गातलीच वस्तू कामाला येते, ती म्हणजे खडू! टाकी बाहेरून साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. खडूची पूड करून संशयाच्या जागी कोरडीच चोळा आणि टाकीत थोडं ऑइल राहू द्या. तासाभराने बघा. जिथून ऑइल झिरपतं तिथे पांढऱ्या पुडीवर गडद रेघ उमटते. तडा केसासारखा बारीक असला तरी दिसतो. जोडकाम करणारे कारागीर वेल्डिंगचा सांधा तपासायलाही अशीच युक्ती वापरतात: एका बाजूने चुना किंवा खडू लावायचा, दुसऱ्या बाजूने रॉकेल.

हे का घडतं? खडूच्या कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. केशाकर्षणाने त्या ऑइल ओढून घेतात. दिव्याची वात तेल ओढते, तेच इथे होतं.

पायरी २ : टाकी कशाची आहे?

माझ्या मते या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आपण सरसकट 'प्लास्टिक' म्हणतो, पण ते 'धातू' म्हणण्यासारखं झालं. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच पद्धतीने जोडता येत नाहीत, तसंच प्लास्टिकचंही आहे.

आजच्या डब्यांवर त्रिकोणात आकडा असतो. ती पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. त्यामुळे जुन्या टाकीवर तो आकडा सापडेलच असं नाही. मग स्वतःच ओळखायचं:

• स्पर्श : पृष्ठभाग मेणचट लागतो का? नखाने ओरखडा उठतो का? तसं असेल तर पॉलीएथिलीनची शक्यता जास्त.
• तरंगणं : टाकीच्या न दिसणाऱ्या कडेवरून ब्लेडने बारीक कीस काढा आणि पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे पृष्ठताणामुळे कीस उगीच वर राहणार नाही. बोटाने दाबून सोडा. पॉलीएथिलीन आणि पॉलीप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर येतात. पीव्हीसी आणि नायलॉन बुडतात.
• जोडून बघणं : ज्या प्लास्टिकची पट्टी वापरायची आहे तिचा तुकडा टाकीच्या कडेला वितळवून चिकटवा. गार झाल्यावर ओढा. सालासारखा निघाला तर प्लास्टिक वेगळं आहे. तुटेल पण निघणार नाही, असा बसला तर जात एकच आहे.

ऑइल आणि रसायनं साठवणाऱ्या टाक्या बऱ्याचदा पॉलीएथिलीनच्या असतात. पुढचं सगळं आपली टाकी पॉलीएथिलीनची आहे असं धरून सांगतो.

पायरी ३ : गोंद का चिकटत नाही?

गळती दिसली की घरोघरी पहिला उपाय ठरलेला: एम-सील नाहीतर अ‍ॅरल्डाइट. दोन दिवस बरं वाटतं, आठवड्याने तो थर पापुद्र्यासारखा उचलून हातात येतो. यात दोष गोंदाचा नाही. ते गोंद धातू, लाकूड, चिनी माती यांना चांगले धरतात. पॉलीएथिलीनचा पृष्ठभागच त्यांना धरू देत नाही.

हे वर्गात दाखवायला एक काच, एक मेणबत्ती आणि एक रिकामी दुधाची पिशवी घ्या. पिशवी उलटी करून आतली बाजू धुऊन वाळवा. तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो. मेणबत्तीवर आणि पिशवीवर तो मोत्यासारखा गोल राहतो.

मेणबत्ती आणि पिशवी सारख्या का वागल्या? कारण रासायनिकदृष्ट्या ती भावंडं आहेत. मेणबत्तीच्या पॅराफिन मेणात कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या असतात, साधारण वीस ते चाळीस कार्बनच्या. पॉलीएथिलीनमध्ये त्याच प्रकारची साखळी हजारो कार्बनची असते. एथिलीन हे एकवारिक, पॉलीएथिलीन हे त्याचं बहुवारिक. या साखळ्यांना बाहेरच्या रेणूंविषयी फारसं आकर्षण नसतं. मोजून सांगायचं तर पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन आणि पॉलीएथिलीनची पृष्ठऊर्जा त्याच एककात सुमारे ३१. द्रवाची स्वतःला धरून राहण्याची ओढ पृष्ठभागाच्या ओढीपेक्षा बरीच जास्त असली, की द्रव पसरत नाही. आणि गोंद आधी पसरला नाही, तर नंतर चिकटणार कसा?

रोजच्या बघण्यातला पुरावा हवा असेल तर प्लास्टिकच्या डब्यात वाळलेला पांढरा गोंद बघा. तो अलगद पापुद्र्यासारखा सुटून येतो. लाकडाला घट्ट धरणारा गोंद स्वतःच्या डब्याला मात्र चिकटत नाही.

एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विचारेल, 'मग दुधाच्या पिशवीवर छपाईची शाई कशी चिकटते?' हा प्रश्न आला तर त्या मुलाचं कौतुक करा. छपाईआधी कारखान्यात पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर विजेचा सूक्ष्म विसर्ग सोडतात. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि शाईला पकड मिळते. म्हणूनच आपण प्रयोगाला आतली बाजू घेतली.

पायरी ४ : मग जोडायचं कसं?

पॉलीएथिलीनला पॉलीएथिलीनच जोडतं, आणि तेही उष्णतेने. हे उष्मामृदू प्लास्टिक आहे. तापवलं की वितळतं, गार केलं की पुन्हा घट्ट होतं. वितळलेल्या अवस्थेत दोन्ही बाजूंच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात आणि गार झाल्यावर गुंतून राहतात. दोन शेवया शिजताना एकमेकींत गुंतल्या की वेगळ्या करता येत नाहीत, तसं. यात चिकटवणारा तिसरा कोणी नसतो.

याउलट कुकरच्या काळ्या मुठीत वापरतात ते बेकेलाइट. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक उष्मादृढ आहे. एकदा घट्ट झालं की तापवून वितळत नाही, जास्त तापलं तर करपतं. त्याला ही पद्धत चालणार नाही. म्हणूनच 'कशाचं आहे?' हा प्रश्न आधी विचारायचा.

थोडा इतिहासही सांगा. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे एथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांची प्रचंड दाबाखाली अभिक्रिया घडवू पाहत होते. अपेक्षित पदार्थ मिळाला नाही, भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. ते पॉलीएथिलीन होतं. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली जास्त घनतेचं, अधिक टणक पॉलीएथिलीन बनवण्याची वाट दाखवली. बहुवारिकांवरच्या कामासाठी त्यांना आणि इटलीच्या जुलिओ नाट्टा यांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पायरी ५ : प्रत्यक्ष दुरुस्ती

आधी सुरक्षितता. हे तापवायचं काम मोठ्यांनीच करायचं. मुलं बघतील, नोंदी घेतील. आणि ही पद्धत पेट्रोलच्या टाकीला कधीही वापरायची नाही. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी वाफेने भरलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. टू-टी ऑइल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही, पण तापल्यावर त्याचीही वाफ पेट घेऊ शकते. म्हणून टाकी आतून स्वच्छ होईपर्यंत उष्णता जवळ आणायची नाही. काम मोकळ्या हवेत करायचं.

१. टाकी गाडीवरून काढा. ऑइल बाटलीत काढून घ्या. ते गटारात किंवा मातीत ओतू नका.

२. भांडी घासायचा द्रव साबण आणि कोमट पाण्याने आतून-बाहेरून तीन-चार वेळा धुवा. साध्या पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून घ्या. ताणाखाली असलेल्या पॉलीएथिलीनला साबणाच्या संपर्कात तडे जाऊ शकतात, म्हणून साबण आत ठेवू नका. एक दिवस वाळू द्या.

३. तड्याच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचं बारीक भोक पाडा. गळणाऱ्या टाकीला आणखी भोकं? मुलं इथे हसतात. त्यांना वेफर्सचं एक पाकीट द्या. कडेला खाच नसलेलं पाकीट फाडायला जोर लागतो, छोटी खाच केली की ते सरसर फाटतं. कारण सगळा ताण खाचेच्या टोकदार टोकाशी एकवटतो. तड्याचं टोकही तसंच. तिथे गोल भोक पाडलं की टोक उरत नाही, ताण विभागला जातो आणि तडा पुढे सरकायचा थांबतो.

४. ब्लेडने तड्यावर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच करा, जाडीच्या साधारण अर्ध्यापर्यंत. आजूबाजूला सेंटिमीटरभर जागा पॉलिश पेपरने घासा, म्हणजे वरचा जुना, ऑइल लागलेला थर निघेल.

५. भरायला त्याच जातीच्या प्लास्टिकची तीन-चार मिलिमीटर रुंद पट्टी कापा. ती पायरी २ मधल्या जोडून बघण्याच्या चाचणीत पास झालेली असावी.

६. सोल्डरिंग आयर्नने आधी खाचेच्या दोन्ही बाजू मऊ करा, मग पट्टी वितळवत खाच आणि दोन्ही भोकं भरत जा. दोन्ही बाजू एकाच वेळी वितळलेल्या असल्या पाहिजेत. गरम पट्टी थंड टाकीवर ठेवली तर ती नुसती वर बसते, आत गुंतत नाही. जास्त घनतेचं पॉलीएथिलीन १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून एका जागी थांबू नका. धूर निघाला किंवा रंग तपकिरी झाला तर साखळ्या तुटताहेत असं समजा. तो भाग खरवडून पुन्हा भरा.

७. हवेतच सावकाश गार होऊ द्या. पाणी ओतू नका. एकदम गार केलं तर सांध्यात ताण राहतो.

टाकी जागोजागी पांढुरकी, ठिसूळ झाली असेल आणि एक तडा भरताना दुसरा उघडत असेल, तर थांबा. ऊन आणि उष्णतेने तिच्या साखळ्या जागोजागी तुटलेल्या आहेत. तिथे नवीन टाकी हाच शहाणपणा.

पायरी ६ : पाण्याने पास, ऑइलने नापास

दुरुस्त टाकीत पाणी भरलं, थेंबही गळला नाही, झालं काम? नाही. आपला थेंबांचा प्रयोग आठवा. पाणी पॉलीएथिलीनवर पसरत नाही, त्यामुळे केसासारख्या फटीत ते शिरायला तयार नसतं. ऑइलचा पृष्ठताण मात्र मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन, म्हणजे जवळजवळ पॉलीएथिलीनच्या पृष्ठऊर्जेइतकाच. ते सहज पसरतं आणि त्याच फटीतून झिरपतं. म्हणून शेवटची चाचणी ऑइलनेच घ्यायची. खालची नळी बंद करून टाकीत ऑइल भरा, सांध्यावर खडूची पूड चोळा आणि कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी खडू पांढरा आणि कागद कोरडा असेल तर टाकी पास.

पायरी ७ : परत बसवताना

तडा का गेला होता, हे इथे विचारायचं. बोल्ट फार आवळला होता का? रबराचा वायसर गायब होता का? टाकी फ्रेमला घासत होती का? ते कारण तसंच ठेवलं तर तडा सांध्याच्या शेजारी पुन्हा येईल. नवीन रबरं घाला, बोल्ट बेताने आवळा.

टाकी काढल्यामुळे पाइपमध्ये हवा शिरलेली असते. हवेचा बुडबुडा पुढे गेला की तेवढा वेळ इंजिनाला ऑइल मिळत नाही. म्हणून पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या आणि मग स्क्रू घट्ट करा. खबरदारी म्हणून पहिल्या लिटरभर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळा. पहिले काही दिवस टाकीतली पातळी रोज बघा. हे काम सवयीच्या मेकॅनिकसमोर केलं तर उत्तम.

वर्गासाठी उपक्रम

गाडी नसली तरी हा पाठ घेता येतो.

१. पाण्याचा आणि खाद्यतेलाचा एकेक थेंब काच, मेण, दुधाची पिशवी आणि स्टीलची ताटली यांवर टाकून तक्ता करा. कुठे पसरला, कुठे गोल राहिला?
२. घरातल्या दहा प्लास्टिकच्या वस्तूंवरचे त्रिकोणातले आकडे नोंदवा. त्यांचे छोटे तुकडे मिळाले तर तरंगतात की बुडतात ते बघा.
३. एकाच प्रकारच्या दोन पिशव्यांच्या पट्ट्या घ्या. एकीला कडेला खाच करा, दुसरीला त्याच जागी पंच मशीनने गोल भोक पाडा. कोणती आधी फाटते?
४. विचार करा : कुकरची मूठ तुटली तर ती वितळवून का जोडता येणार नाही?
५. घरातली एक मोडकी वस्तू निवडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा : ती कशाची आहे? नेमकी कुठे मोडली? का मोडली?

पाचवा उपक्रम पालकांनी आवर्जून करून घ्यावा. आपल्याकडे वस्तू मोडली की एकतर ती फेकली जाते किंवा हाताला येईल तो गोंद लावला जातो. दोन्हीत विचार करायची वेळ येत नाही. मुलाने हे तीन प्रश्न विचारून मग 'ही दुरुस्त होणार नाही' असं ठरवलं, तरी ते शिकणंच आहे. आणि घरात जुनी टू-स्ट्रोक असेल, तर या रविवारी मुलांना घेऊन बाजूचं कव्हर उघडा आणि ऑइलची पातळी एकदा नक्की बघा.